लैंगिक समस्यांवर काम करायचं ठरवलंय? मग प्रशिक्षणाचा क्रम आधी नीट लावा

हा लेख आधीपासून लोकांना भेटणाऱ्यांसाठी आहे: मानसशास्त्रात एम. ए. किंवा एम. फिल. केलेले, एम. एस. डब्ल्यू. झालेले, सायकियाट्रीत असलेले. चिंता, नैराश्य, नवरा-बायकोची भांडणं अशा केसेस चालू असतात आणि एखादा क्लायंट सेशन संपल्यावर, चप्पल घालता घालता म्हणतो, "अजून एक होतं, पण राहू दे." हे 'अजून एक' हाताळायला शिकायचं असतं.

बहुतेक जण इथे पहिली चूक करतात. आधी सर्टिफिकेट शोधतात. शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स, त्यात दहा-पंधरा 'टेक्निक्स', आणि सोमवारी व्हिजिटिंग कार्डावर 'सेक्स थेरपिस्ट'. भारतात या नावाची वेगळी वैधानिक नोंदणी नाही, त्यामुळे अडवणारंही कोणी नाही. मग मधुमेहामुळे ताठरता गेलेल्या माणसाला चार महिने 'स्पर्शाचे व्यायाम' दिले जातात आणि घरात मार खाणाऱ्या बाईला 'जवळीक वाढवा' असं सांगितलं जातं. कोर्स वाईट नसतो. तो चुकीच्या वेळी केलेला असतो.

खाली नऊ टप्पे आहेत. प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा आहे, पण क्रम बदलू नका.

## टप्पा 1: पाया तपासा

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली होते, डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलकडे. 2021 मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या कक्षेत वर्तन-आरोग्याचे व्यावसायिकही येतात. यांत तुम्ही नेमके कुठे बसता ते कागदावर लिहा. पाटीवर काय लिहिता येईल, निदान करता येईल की नाही, रिपोर्टवर सही चालेल की नाही, हे सगळं त्यावर ठरतं.

पुढे जाण्याआधी स्वतःला विचारा:

- आत्महत्येचे विचार आहेत का, हे न अडखळता थेट विचारता येतं का?
- जोडप्यातला एक जण बोलतच सुटला आणि दुसरी गप्प बसली, तर सेशन हातात घेता येतं का?
- वाचणाऱ्या डॉक्टरला काय तपासायचं ते कळेल, अशी अर्ध्या पानाची रेफरल चिठ्ठी लिहिता येते का?

एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर आधी ते शिका. जोडप्यांसोबत काम करण्याचा सराव नसताना लैंगिक समस्यांकडे वळलं की सगळा वेळ भांडण सोडवण्यात जातो आणि मूळ तक्रार तशीच राहते.

## टप्पा 2: किती खोल उतरायचं ते ठरवा

मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी 1976 मध्ये चार पायऱ्यांची एक चौकट मांडली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला प्लिसिट म्हणतात. पहिली पायरी परवानगी, म्हणजे 'हा विषय इथे बोलता येतो' हे क्लायंटला कळणं. दुसरी मर्यादित माहिती, तिसरी नेमक्या सूचना, चौथी सखोल थेरपी.

बहुतेक समुपदेशकांना पहिल्या दोन पायऱ्या पक्क्या जमल्या तरी पुरेसं आहे. कॉलेजचा मुलगा हस्तमैथुनामुळे कमजोरी येते म्हणून झोपत नाही, त्याला दुसरी पायरी पुरते. बाळंतपणानंतर चार महिन्यांनीही इच्छा होत नाही म्हणून घाबरलेल्या बाईला आधी पहिली आणि मग दुसरी. चौथ्या पायरीचं काम करणारे थोडेच असतात आणि थोडेच असावेत.

तुमचं उत्तर पहिल्या दोन पायऱ्या असेल तर टप्पा 4, 5, 6 आणि 7 मन लावून करा. टप्पा 8 मधली तंत्रं माहितीपुरती वाचा, वापरू नका.

## टप्पा 3: कोर्स पारखा

आपल्याकडे सरकारी मापदंड नाही, म्हणून बाहेरच्या एका संस्थेच्या अटी मोजपट्टी म्हणून वापरा. आसेक्ट ही अमेरिकी संस्था सेक्स थेरपिस्टला प्रमाणित करण्यासाठी साधारण एवढं मागते: मानवी लैंगिकतेचं 90 तास शिक्षण, सेक्स थेरपीचं 60 तास प्रशिक्षण, स्वतःच्या वृत्तींवर 14 तासांचं गटकाम, क्लायंटसोबत 300 तास प्रत्यक्ष काम आणि 50 तास सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसोबत स्वतःच्या केसेसवर चर्चा. आकडे पाठ करण्याची गरज नाही, प्रमाण बघा. वर्गात बसण्याच्या दुप्पट वेळ क्लायंटसमोर आहे आणि त्याच्या जोडीला सुपरव्हिजन वेगळं मोजलं आहे. दोन दिवसांच्या कोर्सची जाहिरात पाहताना हे आठवा.

फी भरण्याआधी आयोजकांना विचारा: शिकवणारे स्वतः आजही केसेस पाहतात का? रोल-प्ले आहे की नुसत्या स्लाइड्स? स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा युरॉलॉजिस्ट शिकवायला आहेत का? कोर्सनंतर केसवर चर्चा करायला कोणी मिळणार का? समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींबद्दल काय शिकवतात? या शेवटच्या प्रश्नाला 'ते नंतर बघू' असं उत्तर आलं तर तो कोर्स सोडा.

दिल्लीची तारशी ही संस्था लैंगिकतेवर अभ्यासक्रम घेते. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्वीअर व्यक्तींसोबतच्या समुपदेशनाचा सर्टिफिकेट कोर्स आहे. हे दोन्ही सेक्स थेरपीचे कोर्स नाहीत. पुढच्या टप्प्याला मात्र त्यांची चांगली मदत होते. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत राहून मराठी कुटुंबांसोबत काम करायचं असेल तर तिथली परवान्याची अट आधी पूर्ण करा. ब्रिटनमध्ये कॉसआरटी ही या क्षेत्रातली व्यावसायिक संस्था आहे.

सावध: शिकवणारा माणूस स्वतःचं औषध, तेल किंवा 'किट' विकत असेल तर तिथे फी भरू नका.

## टप्पा 4: स्वतःला काय खटकतं ते शोधा

हा टप्पा लोक टाळतात, कारण 'मी ओपन माइंडेड आहे' असं सगळ्यांनाच वाटतं.

सहा ते आठ सहकाऱ्यांचा गट करा. अनुभवी फॅसिलिटेटर हवा. पहिल्याच दिवशी दोन नियम: इथलं इथेच राहणार, आणि स्वतःच्या लैंगिक आयुष्याबद्दल सांगण्याची सक्ती कोणावर होणार नाही. मग एक यादी घ्या:

- बासष्ट वर्षांच्या विधवा बाई, ओळखीच्या गृहस्थांशी संबंध आहेत, मुलाला कळेल म्हणून भीती.
- घरच्यांच्या दबावाखाली लग्न केलेला समलिंगी तरुण. बायकोला माहीत नाही.
- व्हीलचेअरवरचं जोडपं, त्यांना संबंधांबद्दल माहिती हवी आहे.
- लग्नाआधी अनेक संबंध असलेली तरुणी, 'मला याचा काही पश्चात्ताप नाही' म्हणणारी.
- आठवड्यातून दोनदा संबंध हा 'हक्क' आहे म्हणणारा नवरा.
- कुठलीही लैंगिक इच्छा नसलेली आणि त्यात काही चुकीचं न वाटणारी व्यक्ती.

प्रत्येकापुढे एकट्याने, न बोलता, एक शब्द लिहायचा: मन मोकळं, अवघडलेपण, राग, किळस, दया. मग चर्चा. दया हा शब्द सगळ्यात जास्त फसवतो. अपंग जोडप्यापुढे 'दया' लिहिणारा थेरपिस्ट त्यांना कमी प्रश्न विचारतो आणि वरवरच्या सूचना देऊन पाठवतो.

यानंतरचा सराव आणखी साधा आणि आणखी अवघड आहे: मोठ्याने बोलणं. लिंग, योनी, क्लिटोरिस, वीर्य, ताठरता, स्खलन, हस्तमैथुन, गुदमैथुन, मुखमैथुन. एकमेकांकडे पाहून, नेहमीच्या आवाजात, पूर्ण वाक्यात. 'ते', 'तसं', 'खालचं' यांच्यामागे न लपता. क्लायंट 'खालचं' म्हणाला तर चालेल, तुम्ही नाही. तुमचा आवाज खाली गेला की त्याला कळतं, इथेही हा विषय लाजेचाच आहे.

समलिंगी ओळख 'बदलून' देण्याचा कोणताही प्रयत्न करायचा नाही, ही गोष्ट वादाची राहिलेली नाही. प्रौढांमधले परस्परसंमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला गुन्ह्यातून वगळले. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 'कन्व्हर्जन थेरपी' हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं. आईवडील मुलाला घेऊन 'याला नॉर्मल करा' म्हणत आले, तर तुमचं काम त्या मुलाच्या सुरक्षिततेपासून सुरू होतं आणि आईवडिलांच्या भीतीपर्यंत जातं.

तपासा: यादीतल्या कोणत्या व्यक्तीला तुम्ही पहिल्या फोनवरच दुसरीकडे पाठवाल? का, हे प्रामाणिकपणे लिहा. कारण कौशल्याचं असेल तर रेफर करा. कारण नावडीचं असेल तर हा टप्पा संपलेला नाही.

## टप्पा 5: शरीर शिका

शरीरशास्त्र 'डॉक्टर बघतील' म्हणून सोडू नका. तुम्ही तपासणी करणार नाही, कोणत्याही परिस्थितीत क्लायंटच्या शरीराला हात लावणार नाही, पण काय विचारायचं आणि कधी पाठवायचं हे तुम्हालाच कळलं पाहिजे.

ताठरतेची तक्रार घेऊन येणारा मध्यमवयीन माणूस आधी डॉक्टरकडे जायलाच हवा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची पहिली खूण कधी कधी हीच असते, कारण लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात आणि बिघाड तिथे आधी दिसतो. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी इच्छा कमी होते, स्खलन किंवा परमोच्च सुख लांबतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचाही परिणाम होतो. औषधांची यादी क्लायंटच्या तोंडून घेऊ नका, पाकिटं आणायला सांगा. 'बीपीची एक पांढरी गोळी' यावरून काही कळत नाही.

रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा, एंडोमेट्रिओसिसच्या वेदना, प्रसूतीच्या टाक्यांचा त्रास, कर्करोगाच्या उपचारांनंतरचे बदल: या सगळ्यांवर वैद्यकीय उपाय आहेत आणि ते होईपर्यंत थेरपी एकटी पुरी पडत नाही.

लगेच डॉक्टरकडे पाठवण्याच्या खुणा:

- चार तासांहून जास्त टिकलेली ताठरता. ही इमर्जन्सी आहे, अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही.
- संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, वीर्यात रक्त.
- लिंगाला नव्याने आलेला बाक, गाठ किंवा वेदना.
- मांड्यांच्या मध्ये आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, त्याच्याबरोबर लघवीवरचा ताबा जाणं.
- इच्छा अचानक जाणं आणि सोबत डोकेदुखी, दिसण्यात फरक किंवा बाळ नसताना स्तनांतून दूध येणं.

सावध: मित्राने दिलेली सिल्डेनाफिलची (ताठरतेसाठीच्या व्हायग्रामधलं औषध) गोळी घेणारे अनेक असतात. हृदयाच्या त्रासासाठी नायट्रेट चालू असेल (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट त्यातलीच), तर दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका पडू शकतो. गोळी सुचवणं तुमचं काम नाही, पण हा प्रश्न विचारणं तुमचं काम आहे.

टप्प्याच्या शेवटी हातात एक जिवंत यादी हवी: स्त्रीरोगतज्ज्ञ, युरॉलॉजिस्ट, मधुमेहतज्ज्ञ, सायकियाट्रिस्ट, त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ, ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट. शेवटची व्यक्ती मिळायला वेळ लागतो, म्हणून शोध आजच सुरू करा. प्रत्येकाला एकदा प्रत्यक्ष भेटा. 'सगळं नॉर्मल आहे, रिलॅक्स व्हा' म्हणून पेशंटला परत पाठवणारे डॉक्टर यादीत ठेवू नका.

## टप्पा 6: पहिल्या केसआधी सुपरव्हायजर आणि कागदपत्रं

केस अडकल्यावर सुपरव्हायजर शोधणं ही दुसरी मोठी चूक. आधी ठरवा, लेखी ठरवा: महिन्यातून किती तास, किती फी, तातडीच्या वेळी फोन चालेल का. तुमचा बॉस, तुमची स्वतःची थेरपिस्ट किंवा जिवलग मैत्रीण हे काम करू शकत नाही.

एक अडचण आपली स्वतःची आहे. सेशन मराठीत होतं आणि सुपरव्हिजन बहुतेक वेळा इंग्रजीत. बाई म्हणते, "ह्यांचं झालं की झालं. माझं काय, मी पंख्याकडे बघते." सुपरव्हिजनमध्ये तुम्ही सांगता, 'लो डिझायर'. त्या वाक्यातला कंटाळा, राग, एकटेपणा सगळा गाळला जातो. म्हणून क्लायंटची चार-पाच वाक्यं जशीच्या तशी लिहून न्या.

क्लायंटबद्दल आकर्षण वाटलं, किंवा त्याला तुमच्याबद्दल वाटतंय अशी शंका आली, तर पुढच्याच सुपरव्हिजनमध्ये बोला. हे काम करताना तसं घडणं असाधारण नाही. ते लपवून ठेवलं की प्रकरण हाताबाहेर जातं.

आता कागद. संमतीपत्र मराठीत, एका पानात. त्यात गोपनीयता आणि तिच्या मर्यादा स्पष्ट हव्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं आणि अपवादही सांगतं. सगळ्यात मोठी मर्यादा पॉक्सोची आहे. 2012 च्या या कायद्याच्या कलम 19 नुसार 18 वर्षांखालच्या मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. सतरा वर्षांच्या मुलीचे 'राजीखुशीचे' संबंधही कायद्याने यात येतात. हे क्लायंट बोलायला लागण्याआधी त्याला माहीत हवं. ऐकून झाल्यावर सांगणं हा विश्वासघात ठरतो. प्रौढ क्लायंटने लहानपणीचा अत्याचार सांगितला तर काय करायचं, यावर एखाद्या वकिलाचं मत आधीच घेऊन ठेवा.

नोंदी कमी आणि वर्णनात्मक ठेवा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार, नपुंसकतेमुळे संबंध न आलेलं लग्न रद्द करून मागता येतं, आणि तुमची फाइल उद्या कौटुंबिक न्यायालयात मागवली जाऊ शकते. 'पती नपुंसक' असं कुठेही लिहू नका. 'प्रवेशाच्या वेळी ताठरता जाते, सकाळी येते असं सांगतात' असं लिहा. ते खरंही असतं आणि उपयोगाचंही.

फोनवरचा निरोप कोणत्या नंबरवर, कोणत्या शब्दांत, हे विचारून घ्या. अनेक घरांत एकच मोबाइल सगळे उघडतात.

पाटीबद्दल दोन वाक्यं. 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्या दिसतातच. तुमच्या पाटीवर 'खात्रीशीर', 'गुप्त', '100 टक्के' यांतला एकही शब्द नको.

## टप्पा 7: हिस्टरी घ्यायला शिका

सगळ्या प्रशिक्षणातला सर्वांत जास्त वेळ इथे द्या. तिघांचे गट करा: एक थेरपिस्ट, एक क्लायंट, एक फक्त पाहणारा. वीस मिनिटं रोल-प्ले, दहा मिनिटं चर्चा, मग भूमिका बदला. पाहणाऱ्याने एकच गोष्ट टिपायची: थेरपिस्ट नेमका कुठल्या प्रश्नापाशी घाईत आला.

प्रश्नांचा क्रम असा ठेवा.

पहिलं, परवानगी. "ताण, झोप, भूक यांच्यासारखंच मी सगळ्यांना शरीरसंबंधांबद्दलही विचारते. चालेल का? एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगा."

दुसरं, त्यांचे शब्द. 'जमत नाही', 'लवकर होतं', 'मूडच येत नाही', 'धातू जातो', 'अंगावरून जातं'. शब्द त्यांचा घ्या, पण अर्थ गृहीत धरू नका. 'जमत नाही' म्हणजे ताठरता येत नाही, टिकत नाही, आत जात नाही, लवकर स्खलन होतं, बायको नको म्हणते किंवा घरात जागाच नाही, यांपैकी काहीही असू शकतं.

तिसरं, शेवटचा प्रसंग. "मागच्या वेळी काय झालं, सुरुवातीपासून सांगाल? पुढाकार कोणी घेतला? मग? मनात त्या क्षणी काय चाललं होतं?" एवढ्याने निम्मी माहिती मिळते. 'संबंध होतात का?' या प्रश्नाला 'हो' एवढंच उत्तर येतं आणि ते बऱ्याचदा खोटं असतं.

कोणत्याही तालुक्याच्या गावी भेटेल अशी केस घ्या. सासूबाई सुनेला घेऊन येतात. लग्नाला दोन वर्षं, मूल नाही, रिपोर्ट नॉर्मल, पाळीच्या आणि अंडं फुटण्याच्या गोळ्या घेऊन झाल्या, आता 'टेन्शनमुळे राहत नसेल' म्हणून तुमच्याकडे. सासूबाईंना आदराने बाहेर बसवा: "आई, मला सगळ्यांशीच आधी एकटं बोलावं लागतं, नियमच आहे." मग सुनेला विचारा.

"संबंध येतात का?"
"येतात."
"किती दिवसांनी?"
"होतात... अधूनमधून."
"लिंग योनीत पूर्ण आत जातं का?"

इथे ती गप्प होते. थांबा. पेन खाली ठेवा. पुढचा प्रश्न विचारू नका. "दुखतं. मग हेच थांबतात." दोन वर्षांत कोणीही हा प्रश्न विचारलेला नसतो. अंडं फुटण्याच्या गोळ्यांनी काय होणार होतं?

चौथं, वर्गवारी. पहिल्यापासून आहे की मध्येच सुरू झालं? सगळ्या वेळी की काही प्रसंगी? एकट्याने हस्तमैथुन करताना, सकाळी उठल्यावर, दुसऱ्या ठिकाणी? काही प्रसंगी ठीक असेल तर मानसिक किंवा नात्यातल्या कारणांकडे बोट जातं, पण फक्त त्यावरून शारीरिक कारण बाद करू नका.

पाचवं, आतापर्यंतचे उपाय. बाबा, तेल, पावडर, यूट्यूब, मित्राची गोळी. न हसता. किती पैसे गेले तेही विचारा, त्यावरून भीतीची खोली कळते.

सहावं, संमती आणि हिंसा. प्रत्येकाला एकट्याने भेटल्याशिवाय हे विचारायचं नाही. "नको म्हणालात तर काय होतं?" हा प्रश्न पुरतो. आपल्या फौजदारी कायद्यात सज्ञान पत्नीवरची नवऱ्याची बळजबरी आजही बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे, हे तुम्हाला माहीत हवं आणि त्या बाईलाही. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडपाठ हवा.

स्वतंत्र भेटींआधी गुपितांचा नियम दोघांसमोर सांगा: एकट्याने सांगितलेलं मी दुसऱ्याला सांगणार नाही, पण ते उपचाराच्या आड आलं तर पुढे कसं जायचं हे आपण मिळून ठरवू. हा नियम न सांगता स्वतंत्र भेट घेतली आणि बाहेरचे संबंध कळले, तर केस तुमच्या हातून गेलीच म्हणून समजा.

धातू जाण्याच्या तक्रारीबद्दल वेगळं सांगायला हवं. मानसोपचारतज्ज्ञ न. ना. विग यांनी 1960 मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. लघवीतून वीर्य जातं, म्हणून थकवा, कंबरदुखी, लक्ष न लागणं, अशी ही तक्रार. नवे थेरपिस्ट दोन मिनिटांत 'हा गैरसमज आहे' म्हणतात आणि क्लायंट पुन्हा कधी येत नाही, तो भिंतीवरच्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन करतो. आधी लक्षणं पूर्ण ऐका, नैराश्य आणि चिंता तपासा, गरज असेल तर लघवीची तपासणी करून घ्या, आणि मगच शरीरात वीर्य कसं तयार होतं ते चित्र काढून समजवा.

'पॉर्नचं व्यसन' म्हणून येणाऱ्यांचंही असंच. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) आवर न घालता येणाऱ्या लैंगिक वर्तनाचं निदान आहे, पण फक्त नैतिक अपराधीपणातून आलेला त्रास त्याला पुरेसा धरत नाही. महिन्यातून दोनदा पाहून रडणारा मुलगा आणि नोकरी घालवून बसलेला माणूस यांना एकच लेबल लावू नका.

## टप्पा 8: तंत्रं, आणि ती कुठे फसतात

आता कोर्समधली 'टेक्निक्स'. सगळ्यात जास्त शिकवलं जाणारं आणि सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं तंत्र म्हणजे सेन्सेट फोकस. पायऱ्या अशा:

1. ठरावीक काळ संभोग बंद, दोघांच्या संमतीने.
2. आळीपाळीने स्पर्श, पण स्तन आणि जननेंद्रियं वगळून.
3. ती समाविष्ट करून, पण उत्तेजना हे ध्येय न ठेवता.
4. दोघांनी एकाच वेळी.
5. प्रवेश, पण हालचाल न करता; मग हळूहळू हालचाल.

पहिली चूक म्हणजे 'जोडीदाराला छान वाटू दे' असं सांगणं. परीक्षेची भीती असलेल्या माणसाला तुम्ही आणखी एक परीक्षा दिली. स्पर्श करताना स्वतःला काय जाणवतंय, ऊब, खरखरीतपणा, दाब, तिकडे लक्ष ठेवायचं असतं. दुसरी चूक म्हणजे बंदीचं कारण न समजावणं. मग जोडपं आनंदाने येऊन सांगतं, "मॅडम, जमलं, केलं आम्ही!" आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा अडतं. रागावू नका. बंदी मोडली कशी आणि त्या वेळी कोणाच्या मनात काय होतं, हे विचारा.

तिसरी चूक पुस्तकी आहे: घराचा विचार न करणं. गृहपाठ देण्याआधी कागदावर घराचा नकाशा काढायला सांगा. कोण कुठे झोपतं? मूल मध्ये झोपतं का? दाराला आतून कडी आहे का? पंख्याचा आवाज किती? वन-रूम-किचनमध्ये हॉलमध्ये सासू-सासरे झोपत असतील तर 'अर्धा तास, मंद प्रकाश, कपडे नकोत' हा गृहपाठ होणारच नाही. कपड्यांसकट हात आणि पाठ, दहा मिनिटं, आईबाबा संध्याकाळी देवळात जातात त्या वेळात, एवढं होऊ शकतं. कडी बसवून घेणं हाही गृहपाठ असतो, आणि तो कोण बसवतं, काय कारण सांगून, यावरून त्या घराबद्दल पुष्कळ कळतं.

सावध: हिंसा चालू असेल, बाहेरचे संबंध लपवलेले असतील, तीव्र नैराश्यावर उपचार सुरू नसतील किंवा दोघांत टोकाचा राग असेल तर सेन्सेट फोकस सुरू करू नका.

व्हजायनिस्मसमध्ये (प्रवेशाच्या वेळी योनीचे स्नायू आपोआप आवळणं) डायलेटर (योनीला हळूहळू सवय लावणाऱ्या वेगवेगळ्या आकारांच्या नळ्या) वापरायचे असतील तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी, मग ती बाई स्वतः, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने. सर्वांत लहान आकारापासून. नवरा नंतर येतो, ती म्हणेल तेव्हा. 'थोडं सहन करा' हे वाक्य या उपचारात कोणाच्याच तोंडी नको.

शीघ्रपतनात थांबा-सुरू करा पद्धत आधी एकट्याने शिकवा, मग जोडीने. 'किती मिनिटं' या प्रश्नात अडकू नका. नेहमीची वेळ सात मिनिटं असलेला माणूसही पॉर्नशी तुलना करून 'शीघ्रपतन' म्हणून येतो. त्याला व्यायामाची नाही, टप्पा 2 मधल्या दुसऱ्या पायरीची गरज असते.

तपासा: चार-पाच सेशननंतर काहीच हललं नसेल तर तंत्र बदलू नका. हिस्टरीकडे परत जा. काहीतरी विचारायचं राहिलेलं असतं: औषध, दारू, दबलेला राग, लहानपणचा अत्याचार, किंवा दोघांपैकी एकाला मुळात ही समस्या सुटायलाच नको असते.

## टप्पा 9: केस बंद करणं आणि तास नोंदवणं

सुधारणा झाली की जोडपी गायब होतात, शेवटचं सेशन राहून जातं. ते आधीच ठरवून ठेवा. त्यात एकच विषय: पुन्हा बिघडलं तर काय करायचं. आजारपण, प्रवास, दिवस राहणं, गावाकडून आलेले पाहुणे, यांनंतर अडचण परत येते, हे आधी सांगितलेलं असेल तर जोडपी घाबरत नाहीत. तीन महिन्यांनी एक फॉलो-अप ठेवा, फोनवर चालेल.

तुमच्यासाठी एक साधी वही: तारीख, केसचा कोड, समस्या, सेशनचे तास, सुपरव्हिजनचे तास, कोणाला रेफर केलं आणि त्यांचं उत्तर आलं का. नाव, गाव, फोन त्यात नको. पुढे परदेशी संस्थेकडे किंवा प्रगत कोर्सला अर्ज करायचा झाला तर तासांचा पुरावा मागतात आणि जुने तास आठवून भरता येत नाहीत, म्हणून प्रत्येक सुपरव्हिजननंतर तिथल्या तिथे सुपरव्हायजरची सही घ्या.